सात वारांचं गाऱ्हाणं

मंगळवारी प्रभादेवी, बुधवारी माहीम, गुरुवारी थेट समुद्राच्या मधोमध... डेडलाइन आणि इएमआयवर चालणाऱ्या मुंबईचं आणखी एक टाइमटेबल आहे. देवाशी बोलण्याचं! त्या टाइमटेबलप्रमाणे केलेली ही सात दिवसांची भटकंती.

एक खासगी प्रश्न विचारू? शेवटची प्रार्थना कधी केलीत?

शाळेच्या ग्राउंडवर एक डोळा किलकिला ठेवून केलेली नव्हे हं. खरीखुरी. अप्रेझलच्या मीटिंगआधी कॉन्फरन्स रूमच्या दाराशी पुटपुटलेली, व्हिसाच्या रांगेत फाइल छातीशी धरून केलेली, किंवा एमआरआयच्या खोलीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून केलेली. केली असणार! आपण सगळेच करतो. फक्त बोलत कोणी नाही. कॅन्टीनमध्ये आपण एकमेकांना ब्रेकअप सांगतो, बॉसच्या कागाळ्या सांगतो, घराचा हप्ता किती तेही सांगतो. पण 'मी देवाशी काय बोलते' हे सांगायला जीभ रेटत नाही. जाम अवघडल्यासारखं होतं.

मी आज ते सांगणार आहे. आणि सांगता सांगता तुम्हाला मुंबई फिरवणार आहे. कारण माझी प्रार्थना देवघरात बसून झालेली नाही. ती या शहराच्या फुटपाथवर, पुलांवर आणि रांगांमध्ये झाली. मंगळवारपासून सोमवारपर्यंत.

व्हय म्हाराजा!

मी मूळची कणकवलीजवळच्या एका गावातली. आमच्याकडे 'प्रार्थना' हा शब्द शाळेपुरता. घरात असायचा तो नमस्कार, अडीअडचणीला नवस, फारच गळ्याशी आलं तर साकडं आणि वर्षातून काही वेळा गाऱ्हाणं. कोकणाबाहेरच्या मंडळींसाठी सांगते. गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार नव्हे. तक्रार असते, मागणंही असतं, पण ते देवासमोर उभं राहून, सगळ्यांदेखत, मोठ्या आवाजात करायचं. एकजण बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्यावर 'व्हय म्हाराजा!' म्हणून साथ देतात. ग्रामदेवतेपासून वेशीवरच्या राखणदारापर्यंत सगळ्यांना आधी हाका मारायच्या, मग एकेक विषय काढायचा.

आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा. एरवी हा माणूस दिवसभरात दहा वाक्यं बोलायचा नाही, पण नारळ समोर ठेवला की सुरू व्हायचा. आधी पाऊस, मग गुरंढोरं, मग वाडीतली आजारी माणसं, मग परीक्षेला बसलेली पोरं, मग मुंबईला गेलेले चाकरमानी. आमचं घर सगळ्यात शेवटी. लहानपणी मला तो प्रकार भयंकर लांबलचक वाटायचा. नारळ कधी फुटतोय आणि खोबरं कधी हातात पडतंय, एवढंच लक्ष!

२०१३ मध्ये मीसुद्धा 'मुंबईक गेलेली' झाले. निघताना आईने पितळेची अन्नपूर्णा हातावर ठेवली. ही खरं तर मुलीला लग्नात देतात. पण लग्नाची वाट बघत बसले तर पितळ काळं पडेल, असा आईचा हिशेब. भांडुपच्या माझ्या वन आरकेमध्ये देवघराला जागा नव्हती, म्हणून अन्नपूर्णा फ्रिजवर बसली. शेजारी गणपती, त्याच्या शेजारी वायफायचा राउटर. दिवेलागणीला मी ऑफिसात क्लायंट कॉलवर. सकाळी आंघोळ, नमस्कार, धावपळ. नमस्काराला साधारण चार सेकंद लागत. त्यातही अर्धं लक्ष चपला कुठे आहेत याकडे.

लोकलच्या लेडीज डब्यात मात्र मला नेहमी आश्चर्य वाटायचं. घाटकोपरला एक धक्का, कुर्ल्याला दुसरा, आणि त्या चेंगराचेंगरीत एखादी बाई शांतपणे छोटी पोथी वाचतेय. तिच्यासमोर एकीच्या हातात तसबी, दाराशी एकीच्या बोटांत रोझरी. पलीकडे पुरुषांच्या डब्यातून भजनी मंडळाचे टाळ ऐकू येतायत. या बायका एवढं काय बोलत असतील देवाशी? माझं तर चार सेकंदांत आटपायचं.

मग २०१७ च्या नोव्हेंबरात बाबांना मुंबईला आणलं. दोन्ही किडन्या थकल्या होत्या. परळच्या एका हॉस्पिटलात डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा. माझी शिफ्ट दुपारची, कारण क्लायंट अमेरिकेतला. म्हणजे आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास माझ्याकडे मोकळे. आत नातेवाइकांना बसू देत नाहीत. बाहेर बसून माणूस किती कप चहा पिणार? मी चालायला लागले.

मंगळवार : उंदराच्या कानात

परळहून प्रभादेवी म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाची चाल. तेव्हाच्या एल्फिन्स्टन पुलावरून पलीकडे उतरायचं. तो पूल २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला, आणि स्टेशनचं नाव २०१८ मध्येच 'प्रभादेवी' झालं. मंगळवारी हा सगळा परिसर एकाच दिशेला चालत असतो. सोमवारी रात्री उपनगरांतून निघालेली, अनवाणी चालत आलेली मुलं पहाटेच्या रांगेत पेंगत असतात. कॉल सेंटरची शिफ्ट संपवून आलेले, गळ्यात अजून आयकार्ड लटकवलेले असेही बरेच.

सिद्धिविनायकाच्या गाभाऱ्यात तुम्हाला मिळतात मोजून काही सेकंद. 'चला, चला, पुढे चला!' माझ्या चार सेकंदांच्या नमस्काराला हे अगदी सोयीचं. पण खरी गंमत बाहेर आहे. तिथे चांदीचे मोठे उंदीर आहेत. लोक उंदराचा एक कान हाताने झाकतात आणि दुसऱ्या कानात इच्छा सांगतात. एक कान झाकायचा, कारण नाहीतर इकडून ऐकलेलं तिकडून बाहेर जाईल! काय पण लॉजिक! आपल्या एचआरवाल्यांसाठीही ही पद्धत सुरू करायला हवी.

मी सांगितलं, "क्रिएटिनिन नऊवर आहे, ते खाली येऊ दे." देवाला लॅब रिपोर्ट वाचून दाखवणारी मी पहिली नसणार.

या देवळाची गोष्ट मला तिथल्याच रांगेत एका काकूंनी सांगितली. मूळचं देऊळ १८०१ सालचं, १९ नोव्हेंबरचं. बांधलं लक्ष्मण विठू यांनी, आणि पैसे दिले ते देऊबाई पाटील या आगरी समाजातल्या बाईने. देऊबाईंना मूल नव्हतं. आपल्याला झालं नाही, पण इथे येणाऱ्या दुसऱ्या बायकांना तरी व्हावं, म्हणून तिने देऊळ उभं केलं. म्हणजे आज मंगळवारी ज्या गणपतीपुढे आपण सगळे 'मला हे दे, मला ते दे' करत उभे असतो, त्याच्या मुळाशी एका बाईचं दुसऱ्यांसाठीचं मागणं आहे. तेव्हा मी फक्त 'हो का?' म्हटलं आणि पुढे सरकले. ही गोष्ट डोक्यात भिनायला मला बरेच मंगळवार लागले.

बुधवार : मेणाचं घर, मेणाचा पाय

मुंबईतल्या टॅक्सीवाल्याला बुधवारी 'माहीम' म्हणून बघा. चेहराच सांगेल! त्या दिवशी सेंट मायकल चर्चचा, म्हणजे आपल्या 'माहीम चर्च'चा नोव्हेना असतो. १९४८ पासून दर बुधवारी. सकाळपासून रात्रीपर्यंत वेगवेगळ्या भाषांमध्ये प्रार्थना चालू, त्यात मराठीतही. सलग नऊ बुधवार यायचं असा नेम. येणाऱ्यांत ख्रिश्चन किती आणि बाकीचे किती, हे विचारण्याच्या भानगडीत इथे कोणी पडत नाही.

मला नेलं ऑफिसातल्या एका मैत्रिणीने. चर्चबाहेरच्या स्टॉलवर मेणाच्या वस्तू मांडलेल्या. मेणाचं घर, मेणाचं बाळ, मेणाचं विमान (परदेशी जायचंय त्यांच्यासाठी), हात, पाय, डोळे. आपलं जे दुखतंय किंवा जे हवंय ते विकत घ्यायचं आणि आत नेऊन वाहायचं. मी किडनी मागितली. विक्रेत्याने शांतपणे एक धडाचा आकार काढून दिला. "इसमें सब आ गया, मॅडम," म्हणाला. आता यावर काय बोलणार?

आत गेल्यावर मात्र मी गप्प झाले. लोकांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या तिथे असतात. मागण्याच्या आणि आभाराच्या. नोकरी लागू दे, नवऱ्याची दारू सुटू दे, मुलगा बोलायला लागला त्याबद्दल थँक यू. शेकडो अनोळखी माणसांची सगळ्यात खासगी वाक्यं, आणि त्यांच्यासाठी बाकीचे शेकडो अनोळखी लोक एका सुरात प्रार्थना करणार. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. अरे, हे तर गाऱ्हाणंच! फक्त 'व्हय म्हाराजा'च्या जागी 'आमेन'.

त्याच माहीममध्ये थोड्या अंतरावर मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकातले मोठे विद्वान, कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे. माहीमच्या जत्रेत इथे पहिली चादर चढते ती मुंबई पोलिसांची. बँड लावून, मिरवणुकीने! आख्ख्या शहराच्या सुखरूपतेसाठी खाकी वर्दीतली माणसं मान झुकवतात. इतकं ऑफिशियल मागणं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

त्या बुधवारी घरी आल्यावर बाबांना मेणाच्या धडाची गोष्ट सांगितली. ते हसले. मग विचारलं, "माझ्या एकट्यासाठी मागलंस? आनि बाजूच्या खाटार आसा, त्या पोराचा काय?"

गुरुवार : भरतीची वेळ बघून या

बाजूच्या खाटेवर एकवीस वर्षांचा मुलगा होता. धारावीतला. वडील रिक्षा चालवायचे, आई त्याचं जेवणाचं पथ्य सांभाळायची. पलीकडे भिवंडीच्या एक बाई, त्यांच्या पलीकडे साताऱ्याकडचे एक रिटायर्ड मास्तर. मंगळवार-गुरुवार-शनिवारची ही गँग. चार तास मशिनला जोडलेली माणसं एकमेकांना काय काय सांगतात! बाबांना सगळ्यांची नावं, गावं, मुलाबाळांची शिक्षणं पाठ. मी रोज बाहेरच बसायचे, मला कोणाचंच नाव माहीत नव्हतं. त्या आठवड्यात मी विचारून घेतली. आणि गुरुवारी ती नावं घेऊन हाजी अलीला गेले.

हाजी अलीचा दर्गा १४३१ चा. समुद्रातल्या खडकावर पांढराशुभ्र उभा. पीर हाजी अली शाह बुखारी यांची शवपेटी समुद्रात सोडली आणि ती या खडकावर येऊन थांबली, अशी श्रद्धा. किनाऱ्यापासून तिथपर्यंत एक चिंचोळा रस्ता जातो, दोन्ही बाजूंना पाणी. भरतीला तो रस्ताच पाण्याखाली! मग देव काय आणि दर्गा काय, थांबायचं. मुंबईसारख्या शहरात, जिथे लिफ्टचं बटण आपण तीनदा दाबतो, तिथे भाविकांना ओहोटीची वाट बघत बसावं लागतं. मला ही कल्पनाच खूप आवडते. सगळ्यांत श्रीमंत माणसालाही इथे व्हीआयपी पास चालत नाही.

मी बाई म्हणून मजारीच्या खोलीपर्यंत जाऊ शकले, तेही तसं नवीनच होतं. काही वर्षं तिथे बायकांना बंदी होती. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती रद्द केली, नंतर दर्ग्याच्या ट्रस्टनेही सुप्रीम कोर्टात तयारी दाखवली. आत एक म्हातारी आजी चादरीच्या कडेला डोकं टेकवून बसली होती. काहीही पुटपुटत नव्हती. नुसती टेकलेली. मी माझी नावांची यादी म्हटली. एक, दोन, तीन, चार. पाचवे बाबा. गाऱ्हाण्याच्या नियमाप्रमाणे आपलं घर शेवटी.

बाहेर आले तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. चालत्या गर्दीने वेग धरला. कव्वालीचे सूर मागे राहिले. आता २०२४ पासून शेजारून कोस्टल रोड जातो, गाड्या सुसाट पळतात. पण त्या चिंचोळ्या रस्त्यावर आजही समुद्राचंच चालतं.

शुक्रवार : नाणं चिकटलं का?

हाजी अलीहून दिसेल इतक्या जवळ महालक्ष्मी. महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती अशा तिघी. अठराव्या शतकात इंग्रजांनी इथे समुद्र अडवायला बांध घालायला घेतला, तो म्हणे पुन्हा पुन्हा कोसळायचा. रामजी शिवजी या इंजिनीअरच्या स्वप्नात देवी आली, मूर्ती समुद्रात आहेत म्हणाली. मूर्ती काढल्या, बांध टिकला, देऊळ झालं. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पुस्तकात ही स्टेप कुठेच नसते!

शुक्रवारी डायलिसिस नसायचं, म्हणून एकदा बाबाच सोबत आले. हळूहळू पायऱ्या चढले. देवळाच्या मागच्या भिंतीवर लोक नाणी चिकटवतात. चिकटलं तर इच्छा पूर्ण. मी रुपयाचं नाणं दाबलं, चिकटलं! बाबांनी दाबलं, खणकन खाली. पुन्हा दाबलं, पुन्हा खाली. माझा चेहरा बघून तेच हसायला लागले. नाणं उचलून त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या एका लहान मुलीच्या हातात दिलं. तिचं चिकटलं. ती टाळ्या वाजवत आईकडे पळाली.

मग मागच्या बाजूला समुद्राकडे तोंड करून आम्ही भजी खाल्ली. म्हणजे मी खाल्ली, त्यांनी अर्धं खाल्लं. मीठ, बटाटा, सगळंच वर्ज्य. "डायटिशियनीक सांगू नको," म्हणाले. तिथे मी विचारलं, बाबा, देवाला सगळं कळतं तर एवढं मोठ्याने गाऱ्हाणं कशाला घालायचं? अर्धं भजं संपवून त्यांनी बोटं पुसली. "देवाक सगळा म्हायत आसता. पण बाजूक उभ्या आसलेल्या माणसाक म्हायत नसता ना!"

मंगळवारच्या देऊबाई, बुधवारच्या चिठ्ठ्या आणि गुरुवारची यादी, सगळ्याला माझ्याकडे जे शब्द नव्हते ते हे होते.

शनिवार : तेल, आणि तेल न गाळणारे

शनिवारी मुंबईतल्या प्रत्येक गल्लीतला मारुती तेलाने चमकत असतो. स्टेशनबाहेर रुईच्या पानांच्या माळा, तेलाच्या छोट्या पुड्या. पण माझा शनिवार जोडला गेला आणखी एका तेलाशी.

ऑफिसातले एक सीनियर अलिबागकडचे, बेने इस्राएल समाजाचे. म्हणजे मराठी ज्यू. यांच्या पूर्वजांचं जहाज कोकण किनाऱ्यावर नवगावजवळ फुटलं अशी त्यांची परंपरा सांगते. गावावरून आडनावं पडली, दिवेकर, पेणकर, रोहेकर. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, शब्बाथच्या दिवशी घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना नाव पडलं 'शनिवार तेली'. धर्म पाळण्यासाठी काय करायचं, यापेक्षा काय थांबवायचं यावरून ओळखली गेलेली माणसं!

सेंट्रल लाइनवरचं 'मसजिद' स्टेशन आपण हजारदा ऐकतो. ते नाव एका सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात, ते त्यांनीच मला सांगितलं. १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मांडवी भागात बांधलेलं शाअर हारहामीम, म्हणजे 'दयेचं दार'. दिवेकर कंपनीच्या फौजेत होते. टिपू सुलतानच्या कैदेतून सुखरूप सुटले, म्हणून ईश्वराचे आभार मानायला हे प्रार्थनास्थळ बांधलं, अशी कथा आहे. नवस फेडणं म्हणा ना! सिक्युरिटीमुळे आत सहज जाता येत नाही. एका शनिवारी मी मसाल्यांच्या वासात, हातगाड्या चुकवत, बाहेरूनच ते दार बघून आले.

बाबा २०१८ च्या श्रावणात गेले. एका शनिवारी, डायलिसिसनंतर, घरी.

नंतरचे काही महिने मी काहीच म्हटलं नाही. फ्रिजवरच्या अन्नपूर्णेला चार सेकंदही नाहीत. रुसून नव्हे. बोलायला विषयच नव्हता. इतके दिवस एकच विषय होता आणि तो संपला.

मग त्या सीनियरांनी नवं घर घेतलं आणि मलिदा ठेवला. बेने इस्राएलांमध्ये आभाराच्या प्रसंगी हा विधी करतात, संदेष्टा एलियाहू हन्नाबीची आठवण काढून. ताटात गोड केलेले पोहे, खोबरं, फळं. थेट आमच्या घरातले पोहे! हिब्रू प्रार्थना, मधूनच मराठी गप्पा. काकूंनी माझ्या हातावर मलिदा ठेवला आणि म्हणाल्या, "घे, आणि तुझ्याकडे आभार मानण्यासारखं जे काही असेल, त्याचे मान."

मी हातातले पोहे बघत राहिले. अठराव्या वर्षी शिकायला घर सोडलं, त्यानंतर बाबांबरोबर मी एका वेळी सलग चार-पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेच नव्हते. आणि मग आले ते नऊ महिने. रोज सकाळचा चहा, रोजचं भांडण, ते अर्धं भजं. क्रिएटिनिनच्या आकड्याखाली ही रक्कम मी मोजलीच नव्हती. त्या दिवशी मोजली. पोहे गोड होते.

रविवार : मागायला कोणीच नाही

रविवारी बोरिवलीहून गोराईची बोट. खाडी ओलांडली की दुरूनच सोनेरी शिखर दिसतं. ग्लोबल विपश्यना पॅगोडा. फेब्रुवारी २००९ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं. आतल्या भव्य घुमटाखाली एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं एकत्र ध्यानाला बसू शकतात. म्यानमारमध्ये वाढलेल्या सत्यनारायण गोएंका यांनी विपश्यना भारतात परत रुजवली, तिचं हे मोठं केंद्र.

मुख्य सभागृहात बसता येतं ते विपश्यनेचा कोर्स केलेल्यांनाच. बाकीच्यांनी काचेतून बघायचं. पण पाहुण्यांसाठी आनापानचं छोटं सत्र असतं. डोळे मिटा, श्वास आत येतोय, बाहेर जातोय, तेवढं बघा. बस्स. इथे उंदराचा कान नाही, मेण नाही, नाणं नाही. समोर कोणीच नाही. मागायचं तरी कोणाकडे?

पहिल्या दोन मिनिटांत मला सोमवारच्या प्रेझेंटेशनच्या सगळ्या स्लाइड्स दिसल्या. तिसऱ्या मिनिटाला हाजी अलीची ती आजी आठवली, नुसती डोकं टेकवून बसलेली. लोकलमधल्या बायका आठवल्या. बहुतेक त्या काही बोलत नसतीलच. काही वेळा नुसतं बसणं पुरत असावं. तुम्ही याला प्रार्थना म्हणा किंवा नका म्हणू. बोटीतून परतताना मात्र फोन बॅगेतच राहिला.

सोमवार : खाऱ्या समुद्राशेजारचं गोडं पाणी

सोमवार शंकराचा. बाबुलनाथला रांग असते, तिथे लिफ्टही आहे. पण मी त्याच टेकडीच्या टोकाला, वाळकेश्वरला जाते. मलबार हिलच्या कोट्यवधींच्या टॉवरांमध्ये एकदम दगडी पायऱ्या उतरतात आणि समोर बाणगंगा. ११२७ साली शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूंनी हे तळं बांधलं असं सांगतात. रामाने बाण मारला आणि गंगा वर आली, ही त्याच्याही आधीची कथा. कथा बाजूला ठेवली तरी चमत्कार उरतोच. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तळ्यात जिवंत झऱ्याचं गोडं पाणी.

इथे बदकं पोहतात, पोरं क्रिकेट खेळतात, आणि पायऱ्यांवर कोणी ना कोणी आपल्या माणसाचे दिवस करत असतं. पितृपक्षात तर जागा मिळत नाही. मी विधी करत नाही, ते गावी झाले. मी नुसती तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसते आणि माझं गाऱ्हाणं घालते. हळू आवाजात, मुंबईत आहोत ना! यादी आता बरीच लांबलीय. भिवंडीच्या बाई, साताऱ्याचे मास्तर (ते २०२० मध्ये गेले, तरी त्यांचं नाव मी काढत नाही), लेऑफ झालेला टीममेट, सोसायटीचा वॉचमन आणि त्याची बारावीतली मुलगी, आई, तिचे गुडघे. लांबण लागतं. वीस मिनिटं सहज जातात. चार सेकंदांवरून वीस मिनिटं! अप्रेझलमध्ये याला 'सिग्निफिकंट ग्रोथ' म्हणाले असते.

यादीतलं एक नाव मी आता वेगळ्या रकान्यात टाकलंय, आभाराच्या. धारावीच्या त्या मुलाला २०१९ मध्ये त्याच्या आईची किडनी मिळाली. आता तो नोकरी करतो. बाबांसाठी मागितलं ते मिळालं नाही आणि बाबांनी ज्याच्यासाठी मागायला सांगितलं त्याला मिळालं. याचा अर्थ काय, हे मी कोणाला समजावू शकणार नाही, आणि मलाही कोणी समजावू नये. देऊबाई पाटील भेटल्या असत्या तर मात्र आम्ही दोघींनी प्रभादेवीच्या पायरीवर बसून चहा घेतला असता.

दर मंगळवारी सकाळी त्या मुलाचा गणपतीच्या फोटोसकट मेसेज येतो. एरवी अशा फॉरवर्ड्सना मी उत्तर देत नाही. याला देते. दोनच शब्द. व्हय म्हाराजा.

जायचंय? मग हे लक्षात ठेवा

सिद्धिविनायक : मंगळवारी गर्दी अटळ. गाडी न्यायचा विचारही करू नका. २०२५ पासून भुयारी मेट्रोचं 'सिद्धिविनायक' स्टेशन झालंय, ते वापरा.

माहीम : बुधवारी ट्रेनने जा आणि स्टेशनवरून चाला. मेणाच्या वस्तू बाहेरच मिळतात.

हाजी अली : निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा रुमाल हवा.

महालक्ष्मी : सुटी नाणी न्या. एखादं जास्तीचं न्या, शेजारच्यासाठी.

गोराई पॅगोडा : सकाळी लवकर निघा, टोपी आणि पाणी सोबत ठेवा. परतीच्या बोटीची वेळ आधीच विचारून घ्या.

बाणगंगा : संध्याकाळी जा. पायऱ्या निसरड्या असतात, हिल्स नकोत. आणि यादी लांब असेल तर घाई करू नका, बदकांना सवय आहे.